मेश्रामताईंचा एक तास

"ही बाई चांगली आहे, डोळे मिटून मूल ठेवा," असं मेश्रामताईंनी कधी कुणाला सांगितल्याचं माझ्या ऐकिवात नाही. त्या पत्ते द्यायच्या. तेही एक नाही, तीन. पलीकडच्या माणसाने घायकुतीला येऊन विचारलं, "ताई, पण यातली चांगली कोणती ते सांगा ना," की त्या शांतपणे विचारायच्या, "कोणासाठी?"

हा प्रश्न ऐकून चिडून फोन ठेवणारे बाप मला माहीत आहेत. त्यातल्या एकाची तर मी रोज सकाळी दाढी करतो.

बहारीनमध्ये आमच्यासारख्यांची गोष्ट सारखीच असते. नवरा-बायको दोघंही ड्यूटीवर, आजी-आजोबा समुद्रापलीकडे, आणि बाळ मधोमध. मग माणसं भेटेल त्याला विचारत सुटतात. लिफ्टमध्ये विचारतात, देवळात विचारतात, कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमध्ये दूध घेताना काउंटरवरच्या मल्याळी माणसाला विचारतात, "भाई, बच्चा संभालनेवाली कोई है क्या?" त्या बिचाऱ्याला ब्रेड कुठे आहे ते सांगता येतं, बाई कुठून सांगणार? असं दहा ठिकाणी विचारून झालं की अकरावा माणूस एक नंबर द्यायचा आणि वर म्हणायचा, "बाई जरा खडूस आहेत, पण फोन करा." तो नंबर मेश्रामताईंचा.

ताई मूळच्या उमरेडच्या, नागपूरकडच्या. सनाबिसला एका कंत्राटदार कंपनीच्या ऑफिसात डॉक्युमेंट कंट्रोलर होत्या. म्हणजे काय, हे त्यांनीच मला एकदा समजावलं. इमारतीचं ड्रॉइंग बदललं की नवं साइटवर पाठवायचं, जुनं परत मागवायचं आणि त्याच्यावर 'रद्द' असा शिक्का मारायचा. "जुन्या ड्रॉइंगवर भिंत बांधली तर पाडता येते जी," त्या म्हणाल्या. "जुन्या माहितीवर पोट्टं ठेवलं तर काय पाडाल?"

ऑफिसातली ही शिस्त त्यांनी पाळणाघरांना लावली होती. घरी मुलं सांभाळणाऱ्या ज्या बाया त्यांना माहीत होत्या, त्यातल्या प्रत्येकीचा एक कागद. घर कितव्या मजल्यावर, बाल्कनीची कडी कुठल्या उंचीवर, बाथरूममध्ये बादली भरून ठेवतात का, मुलं किती, दुपारी घरात आणखी कोण येतं-जातं. आणि त्यांचा आवडता प्रश्न: "तुम्हाला ताप आला तर त्या दिवशी काय?" याचं उत्तर "मला नाही हो ताप येत" असं आलं, की ताई कागदावर काहीतरी बारीक लिहायच्या. कागद तीन महिन्यांहून जुना झाला तर तो पत्ता त्या द्यायच्याच नाहीत. फोनवर बाप रडकुंडीला आलेला असो. "थांबा. शुक्रवारी बघून येते, मग देते."

शुक्रवार म्हणजे इथली सुट्टी. जग बिर्याणी खाऊन झोपतं तेव्हा मेश्रामताई लोकांच्या दारात उभ्या. गाडी मेश्रामभाऊ चालवायचे. ते लिफ्टचे मेकॅनिक, फार कमी बोलणारे. खाली गाडीत एसी लावून बसायचे आणि कधी वर आलेच तर आधी त्या बिल्डिंगची लिफ्ट कशी चालते ते कान देऊन ऐकायचे. मला वाटतं, त्या दोघांचा संसार एकमेकांच्या तपासण्यांवर उत्तम चालला होता.

ठेंगण्या होत्या ताई. चष्मा दोरीने गळ्यात, केसांचा घट्ट अंबाडा, सलवार-कमीजवर शाळेतल्या बाईंसारखी पिन लावलेली ओढणी. कुठल्याही घरात गेल्या की सोफा सोडून सरळ जमिनीवर बसायच्या. गुडघे दुखायचे, बसताना "बाप्पा" म्हणायच्या, पण बसायच्याच. "पोट्ट्यांचं घर वरून दिसत नाही," म्हणायच्या. आणि एक तास हलायच्या नाहीत. त्या तासात चहासुद्धा घ्यायच्या नाहीत. "आधी चहा घेतला की डोळ्यावर साय येते. तासाने द्या. तेव्हा दोन कप घेईन."

आमच्याकडे त्या आल्या तेव्हा ओवी, आमची लेक, आठ महिन्यांची होती. माझी बायको नीता एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन. तिची रजा, आणि रजेला जोडलेली बिनपगारी रजा, पाच आठवड्यांत संपत होती. घरात दोन पक्ष पडले होते. एक पक्ष माझ्या आईचा. तिचं म्हणणं, ओवीला गुहागरला माझ्याकडे पाठवा, शाळेत जाईपर्यंत मी बघते. आई महिन्याच्या व्हिजावर यायची होती आणि जाताना नात मांडीवर घेऊन जायची होती. दुसरा पक्ष नीताचा. ती तोंडाने काही म्हणत नव्हती, पण ओवीची झबली घडी घालायला तिला हल्ली फार वेळ लागायचा. मी दोन्ही पक्षांत होतो. खरं सांगायचं तर मला आईचा बेत सोयीचा वाटत होता. आमच्या बिल्डिंगमधल्या तीन घरांतली मुलं गावीच वाढत होती, आणि त्यांचे आईबाप दर दोन वर्षांनी जाऊन त्यांची ओळख करून घेत होते. जग चाललं होतंच की!

तर ताई आल्या, बसल्या, "बाप्पा" म्हणाल्या आणि कागद काढला.

"बाळ झोपते कशी?"

नीताने तोंड उघडलं. ताईंनी पेन वर केलं. "तुम्ही नाही. हे सांगतील."

"झोपते ना," मी म्हणालो. "छान झोपते."

"कुशीवर का पाठीवर? हातात काय लागते? किती वेळाने दचकते?"

मी पंख्याकडे बघितलं. मग ठोकून दिलं, "पाठीवर."

नीताने कपाळावर हात मारून घेतला. ताईंनी शांतपणे लिहिलं, आणि लिहिताना वाचूनही दाखवलं, "वडील: माहिती नाही."

"अहो ताई, ते खोडा ना. बरं नाही दिसत."

"खोडत नाही मी. सुधाराल तेव्हा नवा कागद करीन."

दोन दिवसांनी तीन पत्ते आले. पहिला तुबलीचा, शिगवणकाकूंचा. दुसरा सनाबिसचा, सेल्वी अक्का नावाच्या तमिळ बाईंचा. तिसऱ्या ओळीत आमचाच फ्लॅट नंबर होता. मला वाटलं, घाईत चुकून लिहिला असेल. डॉक्युमेंट कंट्रोलर झाली तरी माणूसच. खाली सूचना होती: प्रत्येक घरी एक तास बसून यावे, मगच हो म्हणावे.

मी कुठला बसतोय! 'शिगवण' वाचलं आणि माझं निम्मं काम झालं. आपल्या बाजूची बाई. फोन लावला. चाळीस मिनिटं बोललो. काकू आमच्या आत्याच्या सासरच्या वाडीच्या पलीकडच्या वाडीतल्या निघाल्या. बांधावरचा जो फणस माझ्या आत्याच्या दिराने तोडला आणि ज्यावरून दोन घरं अजून बोलत नाहीत, तो फणस काकूंनी लहानपणी स्वतः चाखला होता. आणखी काय पाहिजे? मी हो म्हणून टाकलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की चाळीस मिनिटांत ओवीचं नावसुद्धा मी सांगितलं नव्हतं. मुलगा की मुलगी तेही नाही.

काकूंनी आनंदाने ताईंना कळवलं असणार. दुसऱ्याच दिवशी ताईंचा फोन. वाटलं, आता झापणार.

"शुक्रवारी मोकळे आहात नं? तुबलीला जाऊ. बसा एक तास."

तुबलीत गॅरेजांच्या रांगेमागे एका जुन्या इमारतीत काकूंचं घर. ताईंनी बेल दाबायच्या आधी माझ्या कानात सांगितलं, "बेल वाजली की पोट्टी कुणीकडे बघतात ते बघा. दाराकडे का बाईकडे."

बेल वाजली. दार उघडलं आणि सात मुलं एकदम अंगावर आली. सात. त्यातल्या एकीने तर माझा पाय धरला आणि "पप्पा" म्हणाली. सुट्टीच्या दिवशीही ज्यांच्या आईबापांना ड्यूटी असते, त्यांची मुलं ही. काकू मागून धावत आल्या, हाताला पीठ, कपाळाला घाम. "या, या! आत्याबायचा भाचा ना तू? नाक अगदी तसंच!" मग कोलंबीचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, आणि पुन्हा तो फणस. ताई जमिनीवर बसलेल्या. त्यांनी कालवणाकडे बघितलंही नाही. मी मात्र दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तास कसा गेला ते मला कळलं नाही. त्यांना कळलं. टीव्ही एकदाही बंद झाला नाही. सर्वांत लहान बाळ चाळीस मिनिटं झोळीत जागं होतं, आणि त्याच्याकडे जायला काकूंना दोनदाच जमलं. आतल्या खोलीत काकूंचे मिस्टर हाताला प्लास्टर घालून बसले होते. वेल्डिंग करताना मनगट मोडलं होतं, काम बंद. ताईंच्या कागदावरच्या चार मुलांची सात कशी झाली, ते कुणी न सांगता दिसत होतं.

खाली उतरल्यावर मी शरमेने म्हणालो, "ताई, हे नाव यादीतून काढूनच टाका हो."

त्या थांबल्या. त्यांना एवढं रागावलेलं मी तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं.

"काऊन? ही बाई वाईट आहे का? एका पोट्ट्यावर हात उगारला नाही तिनं तासभरात. चार होती तोवर उत्तम करत होती. मी तिला आज काढून टाकते, मग ही सात उद्या सकाळी कुठं जातील? तुमच्या घरी आणता?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मेश्रामभाऊंनी गाडीचं दार उघडून धरलं आणि बोट ओठांवर ठेवून मला सांगितलं की गप्प रहा.

पुढच्या तीन आठवड्यांत ताईंनी काय केलं, ते मला नंतर तुकड्या-तुकड्याने कळलं. सातातली तीन मुलं तीन वेगळ्या घरी हलवली, त्यांच्या आयांना प्रत्येकी तीन पत्ते देऊन. मिस्टरांचा हात बरा होईपर्यंत काकूंकडे दुपारी दोन तास एक रिकामी शेजारीण बसवून दिली. टीव्हीचा रिमोट मिस्टरांच्या ताब्यात दिला, "तेवढं तुम्ही डाव्या हाताने सांभाळा," असं सांगून. आणि महिन्यातून एकदा अशा सगळ्या बायांना त्या स्वतःच्या हॉलमध्ये जमवायच्या, त्यात काकूंनाही बसवलं. ह्या बैठकीबद्दल मी लिहू शकतो, कारण मला तिथे जावं लागलं. का, ते सांगतो.

तुबली गेलं. मग नीता आणि मी सेल्वी अक्कांकडे गेलो. या वेळी मी बेलवर लक्ष ठेवलं. दार उघडलं. आत तीन मुलं. तिघांनी आमच्याकडे एकदा बघितलं, मग अक्कांकडे बघितलं, की ही माणसं आली आहेत ते ठीक आहे ना? अक्कांनी मान हलवली. तिघं परत आपापल्या ठोकळ्यांकडे वळली. नीता तासभर बसली आणि निघताना जिन्यात पहिल्यांदा रडली. "हेच घर," म्हणाली. पण अक्कांकडे जागा नव्हती. एक मूल केजीत जायचं होतं, त्याला वेळ होता. नीताची रजा संपल्यानंतर आणखी सहा आठवडे. अक्का चौथं मूल घ्यायला तयार नव्हत्या. "टू हँड, थ्री बेबी. फोर मफी," त्यांनी दोन्ही हात दाखवून सांगितलं. तमिळ हेल, इंग्रजी आकडे आणि 'नाही'चं अरबी 'मफी' मिळून नकार एवढा स्पष्ट होता की वाद घालायला भाषाच उरली नाही.

सहा आठवडे. एवढ्या दिवसांत आई बाळाला घेऊन गुहागरला पोचणार, आणि एकदा गेलेलं मूल सहा आठवड्यांत परत येत नाही, वर्षांनी येतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मी ताईंना फोन केला आणि जरा हुशारीने म्हणालो, "तुमचे दोन्ही पत्ते संपले."

"तीन दिले होते."

"तिसऱ्यात चूक झालीय ताई. तिथे आमचंच घर लिहिलंय."

"चूक काऊन? सांभाळणारे: वडील. अनुभव: नाही. ट्रेनिंग: लागेल." त्या जणू कागदावरून वाचत होत्या, आणि खरंच वाचत होत्या. "तुमच्या वर्कशॉपला दुसरी पाळी आहे नं? नीताताई सहा ते दोन. तुम्ही तीन ते अकरा. बसते की गणित."

आता सांगतो, मी सलमाबादला एसीचे डक्ट बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर आहे. कुठला नट कुठल्या खणात आहे ते मी झोपेत सांगेन. स्वतःची मुलगी कुठल्या कुशीवर झोपते ते सांगता आलं नव्हतं, तो मी. फोरमनकडे पाळी बदलून मागायला गेलो. फोरमन लाहोरचा. "किसके लिए?" त्याने विचारलं. म्हटलं, बच्ची के लिए. त्याने हातातला चहा ठेवला. "मेरी तीन बेटियाँ हैं," तो म्हणाला. "फोन में देखा बड़ा होते. जा, कर ले. यल्ला, खलास."

म्हणून मी त्या हॉलमध्ये. सात बाया आणि मी. एक ओळखीची नर्स आली होती, प्लॅस्टिकची बाहुली घेऊन. बाळाच्या घशात काही अडकलं तर त्याला हातावर पालथं कसं धरायचं, डोकं खाली, पाठीवर थाप कुठे, हे एकेकीने करून दाखवायचं. शिगवणकाकूंनी पहिल्या झटक्यात केलं. सेल्वी अक्कांनी डोळे मिटूनही केलं असतं. माझ्या हातून बाहुली निसटली आणि डोक्यावर पडली.

"गेलं," काकू म्हणाल्या. "आत्याबायचं नाव बुडवलंस!"

हॉल हसला. ताई हसल्या नाहीत. बाहुली उचलून परत माझ्या हातात दिली. नऊ वेळा.

या धांदलीतच आई आली. विमानतळावरून घरी पोचेपर्यंत तिला बातमी लागली होती की नात न्यायची की नाही हे अजून ठरलेलं नाही, आणि कुणी एक बाई आपल्या मुलाला आया बनवते आहे. त्या बाईला बघायची तिला घाई होती. शुक्रवारी ताई माझी तपासणी घ्यायला आल्या, न सांगता. बेल वाजली. मी ओवीला भात भरवत होतो. ओवीने तीरासारखं दाराकडे बघितलं आणि तिकडेच बघत राहिली. ताईंनी टिपून घेतलं. मग बाथरूममध्ये गेल्या, आणि आत गप्पकन पाणी ओतल्याचा आवाज आला. माझी भरलेली बादली.

ताई बाहेर आल्याआल्या आईने विचारलं, "आडनाव काय म्हणालात तुमचं?"

"मेश्राम. उमरेडच्या. बौद्ध आहोत आम्ही," ताई म्हणाल्या, कागदावर नाव-गाव भरतात तशा सुरात.

आई क्षणभर थांबली. तो क्षण मला लांब वाटला. मग ती म्हणाली, "चहा टाकते."

"आता नको आई. तासाने."

आईचा चेहरा पडला. तिला वाटलं, आपण थांबलो ते हिला लागलं, म्हणून ही आपल्या हातचं घेत नाही. आता तिलाच अवघडल्यासारखं झालं. तासभर ती स्वयंपाकघरात भांडी वाजवत राहिली. बरोबर तासाने ताईंनी दारात जाऊन विचारलं, "दोन कप मिळतील का जी? साखर जास्त." आईने इतका गोड चहा केला की खाली गाडीत पाठवलेला कप पिऊन मेश्रामभाऊ वर आले तेव्हा लिफ्टचा आवाज ऐकायचं विसरले असावेत.

त्या दिवशी दोघी बराच वेळ बसल्या. मी ओवीला झोपवत होतो, डाव्या कुशीवर, हातात नीताच्या ओढणीचं टोक देऊन. माहिती सुधारली होती. दार अर्धवट उघडं होतं.

आई म्हणत होती, "आमच्याकडे गाय आहे, अंगण आहे, मी आहे. इथे काय आहे सांगा बरं? खिडकी उघडली की वाळू."

"बरोबर आहे," ताई म्हणाल्या. "मी पाठवू नका म्हणत नाही. कितीतरी जणींना मीच सांगते कसं पाठवायचं, रोज जेवायच्या वेळी फोन कसा लावायचा ते. पण ठरवून पाठवायचं. मार्गच नाही म्हणून पाठवायचं नाही."

"तुम्ही पाठवलं होतं?"

"सुमेधला. दहा महिन्यांचा होता. माझ्या आईने जिवापाड केलं त्याचं, काही कमी नाही पडू दिलं. साडेचार वर्षांचा आणला इकडे. पहिल्या दिवशी मला विचारतो, 'मी पाणी घेऊ का?' फार गुणी पोट्टं. पुढं वर्षभर विचारतच होता. फ्रिज उघडू का, पंखा लावू का. पाहुण्यासारखा. अजून पुण्याहून फोन करतो तर आधी विचारतो, 'आई, बिझी आहेस का?'"

कपात चहा ओतल्याचा आवाज आला.

पुढे दोन आठवडे आई पलंगावर बसून मला न्याहाळत राहिली. "सुन्या, लंगोट उलटा बांधलास." "मेल्या, भात गार झाला." "अरे, ती रडत नाहीये, गातेय!" तिसऱ्या शुक्रवारी पुन्हा बेल वाजली. ओवी माझ्यापासून हातभर अंतरावर एका डब्याचं झाकण चावत होती. तिने दाराकडे बघितलं. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. आईने ते बघितलं, आणि दार उघडून आत आलेल्या ताईंनीही. त्या रात्री जेवताना आईच म्हणाली, कुणाकडे न बघता, "राहू दे तिला इथेच. बाप तयार झालाय."

नीता उठून आत गेली. मी आमटी वाढून घेतली, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना.

ओवी आता बारा वर्षांची आहे. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते आणि भांडायचं असलं की सेल्वी अक्कांच्या तमिळमध्ये शिरते, म्हणजे आम्हाला कळू नये. मेश्रामताई त्याच वर्षी बहारीन सोडून गेल्या. आमचे ते सहा आठवडे संपतात न संपतात तोच भाऊंच्या कंपनीचं काम आवरलं आणि महिन्याभरात दोघं नागपूरला परतले. निघायच्या दिवशी मी पाळीवर होतो. फोन असतो अधूनमधून. पण डोळ्यांनी बघितलं ते शेवटचं विमानतळावर, आई परत निघाली त्या दुपारी.

ताई येणार आहेत हे आम्हाला माहीत नव्हतं. आईला मी काउंटरपाशी नेलं. तिची मोठी बॅग काट्यावर ठेवली आणि आकडा बघून काउंटरवरच्या मुलीने भुवया उंचावल्या. बॅग जवळजवळ रिकामी होती. आई घाईने म्हणाली, "असू दे, असू दे." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती बॅग तिने ओवीच्या कपड्यांसाठी आणली होती. गुहागरला माळ्यावरचा पाळणा उतरवून घासून ठेवलाय, हे तिने फोनवर मला दोनदा सांगितलं होतं आणि मी दोनदा विसरलो होतो. आमचं मूल आमच्याकडे राहिलं, ह्या आनंदात आम्ही तिच्या रिकाम्या घराचा विचार केला नव्हता.

तेवढ्यात मागून ताई आल्या, हातात दोरीने बांधलेलं खोकं, मागे भाऊ आणखी एक खोकं घेऊन. "आई, जागा आहे नं बॅगेत?"

त्यांनी तिथेच जमिनीवर बसून बॅग उघडली. लोक वळसा घालून जात होते. खोक्यांतून लाकडी ठोकळे निघाले, कापडी पुस्तकं, गुंडाळलेल्या दोन फोमच्या चटया, एक डबडं भरून झाकणं. सगळ्या पाळणाघरांतल्या मुलांनी वापरून मोठं होऊन सोडलेलं. "तुमच्या वाडीतल्या अंगणवाडीला. तुम्हीच म्हणालात नं, सेविकाबाई एकटी आहे अन् पोट्टी फरशीवर बसतात?"

"मी कधी म्हणाले?"

"दुसऱ्या कपाच्या वेळी."

आई खाली वाकून ठोकळे एका बाजूला सारू लागली. मग तीही जमिनीवर बसली. ताई तिला काहीतरी समजावून सांगत होत्या. मला तुटक ऐकू आलं. पोचवून लगेच यायचं नाही. बसायचं. काही बोलायचं नाही, सेविकाबाईच्या चुका काढायच्या नाहीत. मला फोन करून सांगायचं, मुलं किती, पाणी कुठं ठेवतात, कोणतं पोट्टं कोपऱ्यात एकटं बसतं.

"आणि एकटं बसणारं दिसलं तर?" आईने विचारलं.

"तर उद्या परत जायचं."

आईने मान हलवली, शाळेतल्या मुलीसारखी. दोघींनी मिळून बॅगेची चेन लावली; ती आता बसत नव्हती, भाऊंनी वर गुडघा ठेवला. मग ताई फरशीवर हात टेकून उठायला लागल्या. गुडघ्याने साथ दिली नाही. आईने हात पुढे केला, ताईंनी तो धरला, आणि उभ्या राहिल्यावरही दोघींनी तो बराच वेळ सोडला नाही.